प्लॉट नंबर सत्तेचाळीस

बेलतरोडीच्या आमच्या लेआउटमध्ये
सत्तेचाळीस नंबर अजून कुणी बांधला नाही.
मालक दुबईला, कंपाउंडला भगदाड,
आत बोरीची झुडपं, गाजरगवत
आणि सिमेंटच्या फुटक्या पाइपात
थंडीपासून एक कोल्हीण.

आधी कळली ती आवाजानं.
रात्री अडीचला कुणी रडतंय म्हणून
ढोबळे काका टॉर्च घेऊन गच्चीवर गेले
आणि काही न बोलता खाली आले.

मग मीटिंग. पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर.
कुणी म्हणालं पिंजरा, कुणी फटाके,
एकीनं पिठाच्या गोळीत काय घालायचं तेही सांगितलं,
रेसिपी सांगावी तसं, हळू आवाजात.
वॉचमन उईके भिंतीला टेकून उभा होता.
"पिंजऱ्यानं काय होते जी?
ही गेली तं दुसरी येईन.
सावजीची हड्डी उघड्यावर टाकता तुमी,
मंग आमंत्रण कोणं देल्लं?"

मी कुत्रा चावल्याच्या इंजेक्शनांच्या खोलीत काम करते.
पोटऱ्या, मनगटं, एकदा एका पोराचा गाल.
तेव्हा मुक्या जिवांच्या प्रेमाचं मला सांगू नका.
मी एवढंच म्हटलं:
डब्याला झाकण, झाकणावर वीट.
मांजरीची पिल्लं रात्री आत.
पोरांनो, दिसली तर पळायचं नाही.
उभं राहायचं, हात वर, मोठ्यानं ओरडायचं,
पाठ न दाखवता मागे सरायचं.
आणि भरदुपारी लाळ गाळत, झोकांड्या खात आली
तर फोटो नाही, वनखात्याला फोन.

"पण हात वर म्हणजे शरण ना?"
गजभियांच्या मृदानं विचारलं.
उईके सगळ्यात मोठ्यानं हसला.

परवा नाइट संपवून येत होते.
मे महिना, पहाटेलाही वारा तव्यावरचा.
वळणावर स्कूटीच्या उजेडात ती,
मागे दोन पिल्लं, कान अंगापेक्षा मोठे.
एक माझ्याकडे चालत आलं.
डब्यात अर्धी भाकर उरली होती.

मी हॉर्नवर बोट ठेवलं
आणि काढलंच नाही,
पिल्लू गडबडून उलटं पडेपर्यंत,
ती त्याला मानेला धरून गवतात शिरेपर्यंत,
समोरच्या तीन घरांचे दिवे लागेपर्यंत.

घरी आले. भाकर डब्यात टाकली.
झाकणावर वीट ठेवली,
कालच्या उन्हानं अजून कोमट.
हात थोडा वेळ तसाच राहिला तिच्यावर.