पायमाप

माझे वडील, एमिल वार्गो, माणसं पायांवरून ओळखत.
चेहरे वर कुठेतरी असायचे;
ते खाली, तिरप्या स्टुलावर,
मांडीवर कुणाची तरी टाच.
टॅनरी स्ट्रीटवर कुणी हाक मारली
तर आधी बुटांकडे बघायचे, मग म्हणायचे,
"काय ऑटिली, डावा अजून चावतो का?"

पायमाप लोखंडी होतं, थंडगार.
पोरं पाय मागे घ्यायची,
म्हणून ते आधी तळहातांमध्ये धरून ठेवायचे.
एवढंच काय ते त्यांचं सेल्समनपण.
प्रत्येक घराचं एक कार्ड:
लांबी, रुंदी, कुरूप कुठे, कुणाचं कुठलं पाऊल मोठं.
एक मोठं असतंच सगळ्यांचं, आणि त्यांना ते ठाऊक नसतं.
म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना समजावायचे,
या वयात पाय वाढत नाही हो,
कमान खचते.
कमान खचली की पाऊल पसरतं.

मग हायवेलगत, हार्शमनच्या कांद्याच्या शेतावर
मॉल झाला.
त्या उन्हाळ्यात दुपारी डांबर तापलं
की पार्किंगमध्ये कांद्याचा वास सुटायचा.
लोक गाड्यांची दारं लावता लावता
एकमेकांना विचारायचे, काय शिजतंय?

आमच्याकडून आधी बँकेतल्या बायका गेल्या, मग बँक.
थिएटरच्या पाटीवरची अक्षरं एकेक गळाली,
उरलेल्यांची चक्क एक शिवी तयार झाली,
तीही कुणी हसून वाचली नाही.
नगरपालिकेने डिसेंबरभर पार्किंग मीटरांवर
लाल पिशव्या चढवल्या: फुकट आहे, या, थांबा.
रांगेत उभे, तोंडं झाकलेले.
वडील म्हणाले, फाशीची तयारी वाटते.
सहा नंबरची बस चौकात वळायची ती वळेनाशी झाली.

रेव्हरंड क्लिओफस टेट, साडेतेरा नंबर, टाच अरुंद,
तेवढे येत राहिले,
कारण एवढा बूट मॉलमध्ये मिळत नव्हता.
मिळायला लागला तेव्हा सांगायला आले,
दारातच उभे राहिले.
वडिलांनी त्यांना पॉलिशची एक डबी दिली, पैसे घेतले नाहीत.

मी मॉलमध्येच कामाला लागले होते तेव्हा.
हे सांगायला मला जरा उशीर झाला.
तिथे खोकी छतापर्यंत, ज्याने त्याने काढून घ्यायची;
कुणी कुणापुढे गुडघे टेकत नाही.
वडिलांनी एवढंच विचारलं, "मापं कोण घेतं?"
"कुणी नाही. लोकच घालून बघतात."
बराच वेळ सूप ढवळत राहिले.
"मग चुकीचे नेत असतील," म्हणाले,
रागाने नाही,
एखादं मूल घरी पोचलं नाही असं कळल्यासारखे.

फेब्रुवारीत दुकान मिटलं.
डॉक्टरांनी चालायला सांगितलं, रोज दोन मैल.
टॅनरी स्ट्रीटवर बर्फ साचलेला, दारापुढचा उपसायचा कुणी?
म्हणून सकाळी सातला, शटर उघडायच्या आधी, मॉलमध्ये.
तिथे ऑटिली, काठी घेऊन.
तिथे रेव्हरंड. तिथे बँकेतल्या दोघी.
कार्डांचा अख्खा खोका कारंज्याभोवती फेऱ्या घालत होता
आणि वडील सगळ्यांच्या मागून,
खाली बघत.

एके दिवशी ते लंगडताना दिसले.
मी त्यांना आमच्या बाकावर बसवलं,
घरून आणलेलं पायमाप काढलं,
तळहातांमध्ये धरलं, बराच वेळ,
आणि फरशीवर गुडघे टेकले.

जन्मभर नऊ नंबर. भरले साडेदहा.
"चुकलीस," म्हणाले. "पुन्हा घे."
पुन्हा घेतलं.

त्यांनी पावलाकडे बघितलं,
मग काचेतून बाहेर,
पार्किंगच्या टोकाला, पलीकडच्या शेतात,
जिथे मोजणीवाल्यांनी नारिंगी झेंड्या रोवल्या होत्या
एकीपुढे एक, पार क्षितिजापर्यंत.

"हं," म्हणाले.
आणि मोजा चढवायला वाकले.