अडीच बोटं

जुन्या फ्रिजच्या पोटात दोन बल्ब अन् एक पंखा बसवून
सेवेरीनानं हे यंत्र केलं तेव्हा
शेजारची हिलारिया हसली होती,
थंडीचं कपाट आता ऊब देणार म्हणे.

आम्ही राहतो चार हजार मीटरवर.
इथे दोरीवरचं कापड आधी थिजतं
आणि थिजल्या थिजल्याच वाळतं.
हवा विरळ, आणि जी आहे तिला सारखी तहान.
ओठांतून, भिंतींतून, अंड्यांतून
पाणी शोषून घेते.

म्हणून पहिल्या खेपेला मी झडप बंद केली,
ओल आत राहावी म्हणून.
काचेवर दव धरलं. मला बरं वाटलं.
एकविसावा दिवस गेला, बाविसावा,
तेविसाव्याला मीच फोडून पाहिली.
अठरा पिल्लं, पुरी झालेली,
नखं, पिसं, चोचीवरचा तो पांढरा कणसुद्धा,
पोकळीत चोच खुपसून
निजल्यासारखी.

झेनोबियोनं एक तळहातावर घेतलं.
सव्वीस वर्षं कथिलाच्या खाणीत होता.
आता खाण त्याच्या छातीत आहे,
रात्री तिच्यात शिट्टी वाजते.
गुदमरलीत, म्हणाला.
एवढंच. मग बाहेर उन्हात जाऊन बसला.

दुसऱ्या खेपेला सखल मुलखातली अंडी नको म्हटलं.
त्यांच्या कवचाला छिद्रं फार,
तिकडच्या कोंबड्यांना काय ठाऊक इथलं.
हिलारियाकडची घेतली, वीस,
घट्ट कवचाची, चिक्कू, मालकिणीसारखीच.

रोज रात्री टॉर्चवर धरायची
आणि पोकळी कुठवर आली
तिथे पेन्सिलीनं रेघ.
थोडं पाणी जायलाच हवं,
नाहीतर श्वासाला जागा कुठून होणार?
फार गेलं तर पिल्लू वाळतं,
कमी गेलं तर बुडतं.
चार मुलं वाढवली मी,
पण कमी होणंही मोजून करायचं असतं
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

अठराव्या दिवशी ताटलीत कोमट पाणी,
त्यात जुन्या शालीची पट्टी, वातीसारखी.
आणि झडप?
सेवेरीना म्हणे दोन बोटं. मी म्हणे एक.
झेनोबियो उठला. झडपेशी तोंड नेलं,
डोळे मिटून आतली हवा ओढली,
नव्या बोगद्याच्या तोंडाशी ओढायचा तशी.
अजून, म्हणाला.
अजून.
हां.

विसाव्या रात्री पहिली टकटक.
एका कवचाला चीर पडली आणि तिथेच थांबली.
दार उघडावं, नखानं थोडं सोलावं
असं हाताला फार वाटत होतं.
पण दार उघडलं की ओल पळते,
पडदा पिल्लाला चिकटतो, दोरी आवळावी तसा.
हात मांडीखाली दाबून बसले.
काचेपलीकडे कुणीतरी थकत होतं,
थांबत होतं, पुन्हा ठोकत होतं.
पहाटेपर्यंत अकरा निघाली. ते चिरेवालंही,
सगळ्यात शेवटी, ओलं, रागावलेलं.
नऊ नाही निघाली.

त्या रात्री मी खोलीची खिडकी
अडीच बोटं उघडली.
सेवेरीना थंडीनं करवादली.
चुलीवर किटली उकळत ठेवली,
वाफ त्याच्या उशाकडे जाईल अशी.
शिट्टी थांबली नाही.
दोन शिट्ट्यांमधलं अंतर थोडं वाढलं,
किंवा मीच हळू मोजत होते.