मधला शनिवार

मंगळवार, गुरुवार, शनिवार. चार-चार तास.
सात नंबरची खुर्ची, खिडकीजवळची.
बाहेर हलची नदी, चिखलाच्या रंगाची,
समुद्र इतका जवळ आलाय, पण तिला घाई नाही.

डाव्या हातात धमनी आणि शीर जोडून दिलीय.
बोट ठेवलं की आत गुणगुणतं,
पेल्याखाली मधमाशी कोंडल्यासारखं.

शेजारी हॉलरॉइड. चाळीस वर्षं ट्रॉलरवर,
दोन बोटं दोरखंडाने नेलेली.
‘तुझ्या देवाला विचार की, आपणच का?’
विचारलं होतं. पहिल्याच वर्षी,
जालन्याच्या बोलीत, शिव्यांसकट.

पाळकसाहेब म्हणाले, दुःखात हेतू असतो.
मी मान हलवली. चहा गार होत होता.

काल उत्तम शुक्रवार. उद्या लिलीची फुलं,
नवे कपडे, मुलांना चॉकलेटची अंडी.
आज देवळाला कुलूप.
शुभवर्तमानंही आजच्या दिवशी जवळजवळ गप्प.
आज तो नुसता पडून होता,
दगडाआड, दुसऱ्यांनी गुंडाळलेला,
कुणाला बरं न करता.

यंत्र माझं रक्त नेतं, धुतं, आणून देतं.
मी छताचे चौकोन मोजतो. सत्तावन्न.
आणि या एका शनिवारी
मोजताना एकटं वाटत नाही.
का, ते हॉलरॉइडला सांगायला गेलो,
इंग्रजी पुरलं नाही.

सुया निघाल्यावर म्हटलं, बोट ठेव इथे,
पट्टीच्या जरा वर.
थोमासारखा तो आधी बिचकला.
मग उरलेली तीन बोटं टेकवून
बराच वेळ ऐकत राहिला.

‘इंजिन चालू आहे रे,’ म्हणाला.
‘बंदरातच आहे. पण चालू.’