वजनावर

भद्रकालीत, लियाकतच्या गोदामात
कुकरची झाकणं, पंख्याची पाती, एका समईचा पाय,
आणि या सगळ्याखाली, भिंतीकडे तोंड करून,
रुसलेल्या म्हशीसारखा तो बसला होता.

"ट्यूबा म्हणतात साहेब. कुठल्या तरी पलटणीचा.
देवळालीत माळ्यावर पडून होता."
तराजूवर चढवला. नऊ किलो, वर सहाशे ग्रॅम.
पितळेचा त्या दिवशीचा भाव लावला त्याने,
आवाजाचे वेगळे पैसे धरले नाहीत.

मीही घासाघीस केली नाही.
तेहतीस वर्षं नोटांच्या छापखान्यात काढलेला मी,
एक रेघ हलली की आख्खा कागद बाद करणारा,
आज अकरा पोचे आणि दोन अडकलेल्या कळा
हसत हसत विकत घेतल्या.
काठावर एक मुकुट, अर्धा सिंह,
आणि साल: एकोणीसशे, पुढचं झिजलेलं.

रिक्षात तो मांडीवर.
द्वारकेच्या सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरची पोर
त्याच्या तोंडात वाकून ओरडली, "कोणी आहे का?"
तिचाच आवाज जरा जाड होऊन परत आला.

शैलजाने दार उघडलं,
आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"हा जेवणार आहे का?"

तांबट आळीत वडक्यांनी मोगरी टेकवत,
आजाऱ्याचं पोट तपासावं तसे
दहा पोचे उठवले.
अकराव्यावर मी हात आडवा धरला.
राहू द्या तो. तिथे माझा गुडघा बसतो.

मग शरणपूरचे येशूदास साळवे, वय ब्याऐंशी,
निम्म्या नाशिकच्या वराती ज्यांनी पुढे नेल्या.
कवळी रुमालात ठेवून म्हणाले,
"फुंकर घालू नका, चहा नाही तो.
ओठ घोड्यासारखे फुरफुरवा."

आठ दिवस नुसता वारा.
नवव्या दिवशी एक रेडकू.
खालच्या मजल्यावरून निरोप आला,
तब्येत बरी आहे ना?

गुरुवारी कळा सैल करून घ्यायला गेलो
आणि तिथेच, वडक्यांच्या स्टुलावर, सहज,
पोटभर श्वास घेतला, सोडला,
तर तो बोलला.
इतक्या खालून, की कानांआधी तळव्यांना कळलं.
आणि मग, हे मला शैलजालाही नीट सांगता आलं नाही,
छताला टांगलेले हंडे, घंगाळं, बंब,
अजून पाणी न पाहिलेले कोरे तांबे
सगळे एकदम गुणगुणले.
वडक्यांची मोगरी हवेत राहिली.
"परत," ते म्हणाले.
परत.
"अजून एकदा हो!"
समोरचा कल्हईवाला उठून दारात आला.

आता रविवारी साळव्यांची नात क्लॅरिनेट घेऊन येते.
चाल सगळी तिची. वळणं, मुरके, टाळ्या तिच्या.
माझ्याकडे पोम्, पोम्, आणि वाट पाहणं, आणि पोम्.
पण मी थांबलो की तिची चाल
पायरी हुकल्यासारखी लडखडते,
आणि ती माझ्याकडे बघते.
एवढं पुरतं मला. एवढं फार होतं.

वाजवून झालं की नळीतलं पाणी काढतो,
गच्चीवरच्या सदाफुलीला:
माझाच श्वास, साधारण दोन चमचे.

परवा लियाकत भेटला रस्त्यात.
"पितळ चढलंय साहेब, किलोमागे चाळीस. काढायचा का?"
मी काही बोललो नाही.
भर बाजारात गाल फुगवून दाखवले.