ओढून बघ

साखरीनाट्याच्या बंदरात
दर्या उघडायला आठ दिवस उरले
की सगळ्या होड्यांना एकदम आठवतात आपल्या तारा.
झापं निघतात, आणि आत
तांब्यावर चढलेला हिरवा कळक,
जणू पितळेच्या गंजात कुणी ताक विसरलं.

मी आयटीआयचा. मला डाख येत होता.
रोझिनचा धूर, आणि टोकावर
कथलाचा थेंब असा बसायचा
की वाटे, आता समुद्रालाही हे सुटणार नाही.
लतीफचाचा सोलकर नुसते बघायचे.
कानावर पेन्सिल, खिशात मूठभर थिंबल.
"छान दिसतंय," म्हणायचे. थांबून, "दिसतंय."

'नूर-ए-साहिल'चा उजवा, हिरवा दिवा
मीच डाखला होता.
आंबोळगडाच्या बाहेर भर रात्री तो गेला.
सकाळी तांडेल आला. शिवी न देता आला,
फळीवर तार ठेवली आणि गेला.

जोड शाबूत होता.
थेंब चकचकीत, जसाच्या तसा.
तार तुटली होती त्याच्या काठाशी,
जिथे डाख संपतो
आणि तार परत तार होते, तिथे.
इंजिन रात्रभर थरथरतं, चाचा म्हणाले,
ती थरथर कुठेतरी जाऊन थांबणारच.

मग दाबणी शिकलो.
सोलताना केसाएवढीही बट कापायची नाही.
कल्हईचीच तार घे, थिंबलात पार आत जाऊ दे,
चिमटा पुरता मिट, अर्ध्यावर सोडू नको,
वरून बाही चढव, लायटरने आवळ.
आणि ओढून बघ.
जोरात. कीव करू नको.
सुटायची तर इथे, तुझ्या हातात सुटू दे.

चाचा गेले त्या साली, माघात,
त्यांच्या सुनेने, रेहानाने, तंबाखूचा डबा आणून दिला.
"यातलं काय टाकायचं, तुम्हीच बघा."
आत तुटलेल्या तारा,
एकेकीला सुतळीने बांधलेली चिठ्ठी,
होडीचं नाव, साल.
नूर-ए-साहिल सगळ्यात वर.
तिच्याखाली आणखी आठ-नऊ,
माझ्या जन्माच्याही आधीच्या.
थेंब चकचकीत.
तुटलेल्या काठाशीच.

काहीच टाकलं नाही.

काल नवा पोरगा, आर्यमान,
व्हीएचएफच्या तारेला डाख देत होता.
सुबक देत होता, माझ्यापेक्षाही.
मी कानामागची पेन्सिल चाचपली.
म्हटलं, छान दिसतंय.