हजर

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, पत्र्याखाली,
बाबा टॉवेलच्या खोक्यांवर ब्रश फिरवतात.
स्टेन्सिलमधून काळी अक्षरं उतरतात,
एकोणीस वर्षं उतरतायत.
त्यांना वाटायचं, तिकडच्या देवाचं नाव असेल,
म्हणून खोक्याला पाय लागू देत नसत कुणाचा.

जॉर्डनहून परतले त्याच्या तिसऱ्या दिवशी
म्हणाले, वाच की गं पिल्ला, आता येतं ना तुला.
वाचलं.
ओलीपासून दूर ठेवा.
आणि स्टेन्सिल उलटी धरलीय, बाबा.

लगेच हसले नाहीत.
ब्रश डब्यात उभा केला.
"एकोणीस वर्षं कुणी बोललं नाही बघ.
माल चांगला होता म्हणून."

मफ्रकमध्ये सकाळी मी बाई असायचे,
संध्याकाळी पहिलीतली पोर.
सकाळी चौतीस मुलं, एक फळा, इंग्रजी.
संध्याकाळी उम्म यझनचं स्वयंपाकघर,
वांग्यात अक्रोड भरता भरता अरबी.
माझ्या घशात ऐन बसेना.
गुळण्या करतेस ना, तिथून काढ, ती म्हणायची.

त्यांच्या भाषेत प नाही.
पेन बेन, पेपर बेबर,
आणि माझं गाव सोलाबूर.
पुस्तकात युक्ती होती:
ओठांपुढे कागदाची पट्टी धरा, प म्हणा,
पट्टी हलली पाहिजे.
धरली. म्हटलं. हलली नाही.
पुन्हा म्हटलं.
आमच्या प ला वाराच नसतो
हे महापालिकेच्या शाळेपासून आजवर
कुणी सांगितलंच नव्हतं मला.
शेवटच्या बाकावरची बुसैना उठली,
अशी फुंकर मारली की पट्टी फळ्यापर्यंत गेली.
बाई, असं.

एकदा पावाच्या रांगेत एक म्हातारी
माझ्याकडे बघून म्हणाली, इंति गरीबे.
मला लागलं ते.
मनात म्हटलं, सहा माग आहेत आमचे,
वरचा मजला गेल्या साली चढवलाय.
रात्री वहीत अर्थ उतरवला:
गरीब, म्हणजे परका. लांबून आलेला.
शब्द तिथून इथवर चालत येताना
वाटेत खिसा कापला गेला असेल त्याचा.
आजोबा सिद्दीपेटहून सोलापुरात उतरले तेव्हा
हातात ओळखीची चिठ्ठी होती,
तोंडात इथली एकही भाषा नव्हती.
दोन्ही अर्थ एका माणसात मावतात.

आणि हजेरी.
पहिल्या दिवशी मी नावं पुकारली,
मुलं शिकवलेलं 'प्रेझेंट' विसरली
आणि म्हणाली, हादिर.
क्षणभर ओळख पटली नाही,
नात्यातला कुणी दाढी वाढवून समोर यावा तशी.
मग पटली. हजर.
चौतीस वेळा हजर, सीमेपासून काही मैलांवर,
साखर पेठेतल्या माझ्या वर्गासारखंच,
तसंच अर्धं झोपेत.

एका रविवारी बुसैना नव्हती.
गाइब, मुलं म्हणाली.
त्यांच्यासाठी ते नुसतं गैरहजर.
मला मात्र मराठीच ऐकू आलं.
दुसऱ्या दिवशीही तेच, आठवड्यानंतरही.
कुणी म्हणालं, गावी परत गेले,
कुणी म्हणालं, गाव आहे कुठे परत जायला.
हजेरीपटावर तिच्यापुढे मी फुली मारली नाही.
रकाना तसाच आहे.

आज दुपारी वीज गेली.
सगळे माग एकदम थांबले की
कानात काही क्षण धोटाच फिरत राहतो,
उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे,
दोन्ही लिप्या लिहितो आणि पुसतो.
चव्वेचाळीस डिग्री. पत्रा तडतडतोय.
मी खोक्यांच्या आड बसलेय,
ओठांपुढे लेबलची पट्टी धरून.
प.
प.

बाबांनी पलीकडून हाक मारली,
पिल्ला, आहेस का गं? ही आता सुलट लागली का बघ.

आणि घशातून, गुळण्या करते तिथून,
आपोआप निघालं, हादिर.

काय म्हणालीस?

काही नाही. आले.