उणे बारा

पारोळ्याच्या गच्चीवर आठचं ऊन.
मामंजींच्या जुन्या धोतरावर थापते बिबडे.
ओळी जितक्या, त्याहून सात जास्त एकेका ओळीत.
एकूण साठ. तर ओळी किती?

सतरा नंबरचा फॉर्म भरलाय,
घरात फक्त धाकट्या नणंदेला ठाऊक.
परातीच्या कडेला ओल्या बोटानं
मधलं पद फोडते:
गुणाकार उणे साठ, बेरीज सात.
वीस, उणे तीन? छे.
पंधरा, उणे चार? छे.
बारा, उणे पाच. बसलं!

क्ष बरोबर पाच, किंवा उणे बारा.
देवरे सर म्हणायचे, ओळी कधी ऋण असतात का?
खोडा, आणि पुढचं घ्या.

तेव्हा खोडलं होतं.
आज जरा थांबले.
उणे बारा ओळी,
ओळीत उणे पाच बिबडे,
गुणून पाहिलं...
साठच की!

"काय करी ऱ्हायनी वं इतला येळ?"
खालून जिजींची हाक.
"सोडवतेय," म्हणाले.
खोटं नव्हतं.

उन्हं कलल्यावर धोतर पालथं घातलं,
पाणी शिंपडलं,
आणि मागच्या बाजूनं
एकेक गोल उमटत आला,
तिथं तर मी हातही लावला नव्हता.